फोटोखालची ओळ कोणी लिहिली?

आंबाजोगाईचे निजामी अमलातले नाव मोमिनाबाद. त्या काळी तिथे घोडदळाची छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली जाणारी ही फौज तशी मजेशीरच. नाव निजामाचे, खर्च निजामाच्या वऱ्हाडातून निघणारा आणि हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. १९०३ मध्ये हे कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाले आणि त्याच्या रिसाल्यांना नवे क्रमांक, नवी नावे मिळाली. त्यातल्या एकाचे नाव झाले ‘२०वी डेक्कन हॉर्स’. या रिसाल्यात शीख होते, जाट होते आणि दख्खनी मुसलमान होते.

या डेक्कन हॉर्सचा एक फोटो जगभरच्या युद्ध-संग्रहांत आणि पुस्तकांत पुन्हा पुन्हा छापला गेला आहे. तारीख १४ जुलै १९१६. ठिकाण फ्रान्समधले सोम नदीचे खोरे, कार्नुआ गावाजवळची दरी. डोक्याला साफे बांधलेले स्वार आणि त्यांचे घोडे हुकमाची वाट बघत आहेत. खंदकांच्या लढाईत दीड-दोन वर्षे घोडदळाला काही कामच उरले नव्हते. त्यामुळे ‘घोडदळ पुन्हा मैदानात उतरले’ ही इंग्रजी वाचकाला सुखावणारी मोठी बातमी होती. त्याच संध्याकाळी डेक्कन हॉर्स आणि एक गोरा रिसाला हाय वूड नावाच्या जंगलाच्या बाजूने भाले रोखून निघाले. समोर जर्मन मशीनगन होत्या. काही वेळ शेतांतून मुसंडी मारली, काही जर्मन पकडले, आणि मग माणसे व घोडे गमावून स्वारांना थांबावे लागले. ते जंगल इंग्रजांच्या हाती पडले दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबरला. फोटोत हे काहीच नाही. फोटो आधीचा आहे, आणि युद्धातले बहुतेक सुंदर फोटो आधीचेच असतात.

या फोटोशी आपल्या जिल्ह्याचे आणखी एक नाते आहे, ते पैशाचे. निजाम मीर उस्मान अली खान हे डेक्कन हॉर्सचे मानद कर्नल होते. युद्ध सुरू होताच त्यांनी या रिसाल्याच्या आणि हैदराबादच्या स्वतःच्या लान्सर्सच्या खर्चासाठी ६० लाख रुपये देऊ केले. निजामाच्या तिजोरीत पैसा कुठून येत होता, हे बीडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. शेतसारा त्याचाच. म्हणजे फ्रान्समधल्या त्या घोड्यांच्या चंदीत गोदावरी आणि मांजरा काठच्या ज्वारी-कापसाचाही वाटा होता.

हा लेख अशा फोटोंविषयी आणि ते छापणाऱ्या युद्धकाळातल्या सचित्र साप्ताहिक-मासिकांविषयी आहे. कुणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीच्या रद्दीचे आज काय? एक कारण असे की आपल्या लोकांचे, साध्या दख्खनी मुसलमान शिपायाचे, त्या काळातले चेहरे दुसरीकडे फारसे मिळतच नाहीत. ना त्यांनी आत्मचरित्रे लिहिली, ना कुणी त्यांची मुलाखत घेतली. ते दिसतात ते या मासिकांच्या पानांत. आणि ती मासिके ज्यांनी काढली, त्यांना आपल्या आजोबा-पणजोबांचा इतिहास लिहायचा नव्हता. त्यांना युद्ध जिंकायचे होते.

चित्रांची भूक

सचित्र साप्ताहिक ही इंग्रजांची जुनी चीज. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १४ मे १८४२ ला निघाले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि काही दिवसांतच ‘इलस्ट्रेटेड वॉर न्यूज’ आणि ‘वॉर इलस्ट्रेटेड’ अशी खास युद्धाला वाहिलेली साप्ताहिके बाजारात आली. गंमत अशी की फोटो छापायला कागद होता, छापखाना होता, वाचक होता, फक्त फोटो नव्हते. इंग्रज सेनेने पत्रकारांना आणि छायाचित्रकारांना आघाडीवर जाऊ दिले नव्हते. पश्चिम आघाडीवर पहिला सरकारी छायाचित्रकार नेमला गेला तो मार्च १९१६ मध्ये. मग त्याआधीची दीड-पावणेदोन वर्षे पाने भरली कशी? बरीचशी चित्रकारांच्या कल्पनेने. लंडनमध्ये खुर्चीत बसून चित्रकार संगिनी उगारलेले गुरखे, दाढीवाले शीख आणि पठाण काढत होते. चित्रातला हिंदी शिपाई नेहमी धावत असतो, शत्रू नेहमी घाबरलेला असतो.

जे थोडे फोटो मिळाले त्यांतही सगळे सरळ नव्हते. हिल्टन गर्डवुड नावाच्या छायाचित्रकाराला १९१५ मध्ये फ्रान्समधल्या हिंदी पलटणींचे फोटो काढण्याची खास परवानगी मिळाली. त्याच्या संग्रहात नमाज, स्वयंपाक, कवायत, घोड्यांची देखभाल असे फार मोलाचे फोटो आहेत. पण त्याचे ‘हल्ल्याचे’ काही फोटो आघाडीच्या मागे, सरावाच्या खंदकात, शिपायांना धावायला लावून घेतलेले आहेत. आता याला खोटे म्हणायचे का? माणसे खरी, कपडे खरे, बंदुका खऱ्या. हल्ला तेवढा नव्हता. मला विचाराल तर अशा फोटोतून लढाई शिकू नये, पण साफा कसा बांधला होता, पायात बूट कुठले होते, चेहरा किती थकला होता, हे जरूर बघावे. फोटो काढणाऱ्याचे लक्ष जिथे नव्हते तिथेच तो बहुधा खरे बोलून जातो.

दोन्ही बाजूंना मुसलमान हवा होता

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. १९१४ च्या अखेरीस तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. १४ नोव्हेंबर १९१४ ला इस्तंबूलमध्ये शेखुल-इस्लामचा जिहादचा फतवा वाचून दाखवण्यात आला. इंग्रज, फ्रेंच आणि रशियन या तिन्ही सत्तांखाली कोट्यवधी मुसलमान राहत होते आणि त्यांच्याच फौजांत हजारो मुसलमान लढत होते. एका बाजूला खलिफा, दुसऱ्या बाजूला खाल्लेले मीठ. आपल्याकडे निजामांनी त्याच महिन्यात जाहीरनामा काढून मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले. त्याची किंमत इंग्रज जाणून होते. १९१८ मध्ये निजामांना ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ आणि ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ हे किताब मिळाले ते उगाच नव्हेत.

त्या दिवसापासून मुसलमान वाचक ही दोन्ही बाजूंची गरज झाली. लंडनमध्ये सप्टेंबर १९१४ मध्येच चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखाली एक गुप्त प्रचार-खाते सुरू झाले होते. ज्या इमारतीत ते बसायचे तिच्या नावावरून त्याला वेलिंग्टन हाऊस म्हणत. ब्रिटनमधल्या सामान्य माणसाला सोडा, बऱ्याच खासदारांनाही हे खाते काय करते ते ठाऊक नव्हते. पुस्तके आणि मासिके खासगी प्रकाशकांच्या नावाने निघत, म्हणजे वाचणाऱ्याला सरकारचा वास येऊ नये. याच खात्याने ‘अल-हकीकत’ नावाचे सचित्र पत्र काढले. भाषा चार : अरबी, तुर्की, फारसी आणि हिंदुस्तानी. हिंदुस्तानातल्या इतर वाचकांसाठी ‘सत्यवाणी’ होते. बंगाली, गुजराती, हिंदी आणि तमिळमध्ये.

नावे बघा. एक ‘हकीकत’, दुसरे ‘सत्यवाणी’. ज्याला आपल्या मालाची खात्री असते तो दुकानाच्या पाटीवर ‘खरे’ असे लिहीत नाही, असा आमच्या बाजारपेठेतला अनुभव आहे.

पण प्रचार म्हणजे निव्वळ थाप, असे समजू नका. या पत्रांतले बहुतेक फोटो खरेच होते. मोठ्या तोफा, भरलेली जहाजे, पकडलेले जर्मन कैदी, दवाखान्यातले हसरे जखमी. कसब निवडण्यात होते. शंभर फोटोंतून दहा निवडायचे, आणि त्या दहांखाली चार भाषांत अशी ओळ घालायची की वाचणाऱ्याने त्यापलीकडे पाहू नये.

जर्मन काही मागे नव्हते. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फ या गावी त्यांनी मुसलमान कैद्यांसाठी खास छावणी उघडली. तिचे नाव ‘हाल्बमोंडलागर’, म्हणजे अर्धचंद्र छावणी. फ्रेंच सैन्यातले अल्जेरियन-मोरोक्कन आणि इंग्रज सैन्यातले हिंदी कैदी तिथे ठेवले. हिंदी विभागात हिंदू आणि शीखही होते. १९१५ च्या जुलैमध्ये, रमजानच्या सुरुवातीला, छावणीत लाकडी मशीद बांधून खुली केली. जर्मन भूमीवरची नमाजासाठी बांधलेली ती पहिली मशीद मानली जाते. घुमट होता, मिनार होता. तिचे फोटो आणि पोस्टकार्डे भराभर छापली गेली. नमाज पढणारे कैदी, ईदची तयारी, हलाल जबिहा, सगळे कॅमेऱ्यासमोर. कैद्यांसाठी ‘अल-जिहाद’ आणि हिंदी कैद्यांसाठी ‘हिंदोस्तान’ ही पत्रे निघत. उद्देश सरळ होता. कैद्याने बाजू बदलावी आणि खलिफाच्या फौजेत जावे.

मशीद खरी होती. तिथली नमाजही खरीच असणार. वतनापासून हजारो मैल दूर असलेल्या माणसाला सजदा करायला जागा मिळाली, हे काही कमी नाही. पण मशिदीच्या पोस्टकार्डात न दिसणारी जागा जवळच होती, कैद्यांचे कब्रस्तान. ब्रांडेनबुर्गची थंडी आणि क्षयरोग यांनी माणसे मरत होती. झेहरेन्सडॉर्फ इथल्या त्या दफनभूमीत आज २०६ हिंदी सैनिकांची नोंद आहे. युद्ध संपल्यावर मशिदीची गरज उरली नाही आणि १९२० च्या दशकात ती पाडण्यात आली. कबरी राहिल्या.

राजाचा महाल आणि कबरींचा वाद

इंग्रजांचे सगळ्यात गाजलेले चित्र म्हणजे ब्रायटनचा रॉयल पॅव्हेलियन. समुद्रकाठचा हा घुमट-मिनारांचा महाल १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत हिंदी जखमींचा दवाखाना होता. झुंबरांखाली लोखंडी खाटा आणि त्यांवर फेटे बांधलेले जखमी, असे फोटो हजारोंनी निघाले. नगरपालिकेने इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत सचित्र पुस्तिका काढली. मुसलमानांसाठी वेगळे स्वयंपाकघर, वेगळे नळ, हिरवळीवर नमाजाची सोय, याचे वर्णन हिंदुस्तानभर पोचले. बादशहाने आपला महाल गरीब शिपायांसाठी रिकामा केला, अशी भावना लोकांत पसरली आणि सरकारने ती पसरू दिली. वस्तुस्थिती अशी की तो महाल १८५० पासून राजघराण्याचा नव्हताच. राणी व्हिक्टोरियाने तो ब्रायटन शहराला विकून टाकला होता.

सोयी मात्र खऱ्या होत्या, हेही मान्य केले पाहिजे. त्या का झाल्या ते समजून घेण्यासारखे आहे. जर्मन प्रचार असा होता की इंग्रज मुसलमान शिपायांना त्यांच्या रीतीने दफनही करत नाहीत. या आरोपाने लंडनचे युद्धखाते अस्वस्थ झाले. वोकिंग इथे १८८९ मध्ये बांधलेली शाहजहान मशीद होती. तिच्या जवळ हॉर्सेल कॉमनवर मुसलमान सैनिकांसाठी खास कब्रस्तान बांधून घेण्यात आले. कमानदार भिंत आणि घुमटी असलेले. म्हणजे शत्रूच्या खोट्या आरोपातून एक खरे कब्रस्तान उभे राहिले. प्रचाराचा इतिहास असा उलटसुलट असतो. कोण कुणाला कशासाठी उत्तर देत होते हे कळल्याशिवाय एकही फोटो पुरता कळत नाही.

आणि काय छापायचे नाही, याचेही नियम होते. खुदादाद खान हा १२९व्या बलुची पलटणीचा शिपाई. ३१ ऑक्टोबर १९१४ ला बेल्जियममध्ये हॉलेबेक इथे मशीनगनवरचे सगळे साथीदार मेल्यावरही तो लढत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला हिंदुस्तानी सैनिक. त्याचा फोटो सगळीकडे छापला गेला. पण मे १९१५ मध्ये ‘डेली मेल’ने जखमी खुदादाद खानाशेजारी उभ्या असलेल्या एका इंग्रज नर्सचा फोटो छापला आणि गहजब झाला. गोरी बाई हिंदी शिपायाची सेवा करते, हे सरकारला दाखवायचे नव्हते. हिंदी दवाखान्यांतून इंग्रज नर्सना हटवण्याचे हुकूम निघाले. त्याच्या शौर्याचा फोटो चालत होता. त्याच्या पलंगाशेजारी उभे राहिलेले माणूस चालत नव्हते.

दोन भाऊ

मीर दस्त आणि मीर मस्त हे दोघे सख्खे भाऊ, आफ्रिदी पठाण, दोघेही इंग्रज सैन्यात जमादार. १९१५ च्या मार्च महिन्यात, नव्ह-शापेलच्या लढाईच्या आधी, एका पावसाळी रात्री मीर मस्त काही साथीदारांना घेऊन जर्मन खंदकात निघून गेला. तिथून तो अर्धचंद्र छावणीत पोचला आणि पुढे काबूलकडे निघालेल्या जर्मन मोहिमेत सामील झाला. त्यानंतर दोन महिनेही झाले नसतील, २६ एप्रिलला बेल्जियममधल्या ईप्र इथे मीर दस्तने विषारी वायूच्या हल्ल्यात आपली माणसे सांभाळली आणि जखमी अधिकाऱ्यांना ओढून आणले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २५ ऑगस्ट १९१५ ला ब्रायटनच्या त्याच महालाच्या हिरवळीवर बादशहा पंचम जॉर्जने स्वतः पदक लावले. फोटो निघाले, छापले गेले.

त्या फोटोखालच्या ओळीत धाकट्या-थोरल्याची ही गोष्ट येणे शक्य नव्हते. मीर दस्तचे स्वतःचे म्हणणे आपल्याला कळते ते पत्रांवरून. हिंदी शिपायांची पत्रे फ्रान्समध्ये सेन्सॉरखाली उघडली जात, त्यांचे इंग्रजी गोषवारे करून ठेवले जात. ते गोषवारे आजही आहेत. पदक मोठेच आहे, पण या वायूने मला क्षणभर चैन पडू दिलेले नाही, मी संपलो, अशा अर्थाचे त्याने लिहिले होते. इतर शिपाई सेन्सॉरला चुकवण्यासाठी ‘काळी मिरी’ आणि ‘लाल मिरची’ असे शब्द वापरत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, लाल जपून वापरतात, असा मजकूर घरी जाई. मासिकातला हसरा फोटो आणि हे पत्र एकमेकांशेजारी ठेवून वाचावे. एकटा फोटो पाहणाऱ्याची बहुधा फसगत होते.

शिपायांसाठी सरकारचे स्वतःचे पत्रही होतेच. ‘फौजी अखबार’ २ जानेवारी १९०९ ला अलाहाबादहून सुरू झाले, उर्दूसह. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये त्याचेच नाव ‘सैनिक समाचार’ झाले आणि आज ते मराठीतही निघते.

जेरुसलेमचे दोन फोटो

९ डिसेंबर १९१७ ला जेरुसलेम पडले. दोन दिवसांनी जनरल ॲलनबी शहरात घोड्यावरून नव्हे, पायी चालत शिरला. हेही ठरवून. चलच्चित्र आणि फोटो घेणारे हजर होते. लंडनहून आलेल्या सूचनेप्रमाणे कुब्बतुस्सखराच्या परिसराभोवती हिंदी मुसलमान सैनिकांचा पहारा बसवण्यात आला आणि तसे जाहीर करण्यात आले. साफा बांधलेला हिंदी मुसलमान पहारेकरी, मागे तो घुमट, असा फोटो काढण्यात आला. तो दिल्ली, लाहोर, हैदराबादच्या मुसलमानांसाठी होता. संदेश असा की तुमचे पवित्र स्थान तुमच्याच माणसांच्या हाती आहे.

महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, ब्रिटिश वृत्तपत्रांना सरकारी सूचना गेली होती की या मोहिमेला क्रुसेड म्हणू नका, धर्मयुद्धासारखे रंगवू नका. कारण उघड होते. आणि तरीही १९ डिसेंबरच्या ‘पंच’ या सचित्र साप्ताहिकात पानभर व्यंगचित्र आले. ‘शेवटचे क्रुसेड’ हे त्याचे शीर्षक. सलाहुद्दीनशी लढलेला राजा रिचर्ड टेकडीवरून जेरुसलेमकडे बघतो आहे आणि स्वप्न पुरे झाले म्हणून समाधान पावतो आहे. एकच विजय. घरच्या वाचकाला एक चित्र, आपल्याला दुसरे. दोन्ही छापील, दोन्ही सुबक. पहाऱ्यावरच्या त्या मुसलमान शिपायाला ‘पंच’ कुणी दाखवले असते तर त्याला काय वाटले असते?

हैदराबादचे लान्सर्सही याच मोहिमेत होते. सुवेझपासून पॅलेस्टाइन-सीरियापर्यंत ते तुर्कांशी लढले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात ज्या तीन शिपायांचे पुतळे उभे आहेत, ते हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरच्या स्वारांचे. निजामाची रयत, मुसलमान सत्तेचे स्वार, आणि समोर खलिफाची फौज. त्या स्वारांच्या मनात काय चालले असेल याचा फोटो निघत नाही.

जे छापलेच नाही

सिंगापूरमध्ये १५ फेब्रुवारी १९१५ ला पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केले. आपल्याला तुर्कांशी लढायला नेणार अशी अफवा पलटणीत होती. प्रत्यक्षात त्यांना हाँगकाँगला जायचे होते. ४७ जणांना गोळ्या घालून मारण्यात आले, तेही तुरुंगाबाहेर, लोकांच्या गर्दीसमोर. १९१६ च्या सुरुवातीला बसऱ्यात पंधराव्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी बगदादच्या दिशेने जायला नकार दिला. ही चित्रे ‘अल-हकीकत’च्या वाचकापुढे ठेवण्याजोगी नव्हती.

कुतची गोष्ट तर आपल्या घरची. मेसोपोटेमियात पुण्याची सहावी डिव्हिजन कुतमध्ये वेढली गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या आणि या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. जवळपास पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ ला कुत पडले. हजारो हिंदी शिपाई कैदेत गेले आणि वाळवंटातून चालवत नेले गेले. त्यांतले कितीतरी परतले नाहीत. सचित्र पत्रांची पाने पुन्हा फुलली ती ११ मार्च १९१७ ला बगदाद घेतल्यावर.

दुसऱ्या महायुद्धात कॅमेरे वाढले, कागद कमी झाला, पण तऱ्हा तीच. निजामांच्या देणगीवरून नाव मिळालेली ‘१५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन’ स्पिटफायर विमाने घेऊन ब्रिटनच्या आकाशात लढली आणि नंतर ब्रह्मदेशात आली. फोटोत विमान चकचकीत दिसते. त्याच काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मरत होती आणि सरकार ‘दुष्काळ’ हा शब्दही टाळत होते. २२ ऑगस्ट १९४३ ला ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरचे फोटो छापले तेव्हा जगाला कळले.

इथे एक मराठी उदाहरण सांगितलेच पाहिजे. मुंबईहून कम्युनिस्ट पक्ष ‘पीपल्स वॉर’ काढत होता. मराठीत ते ‘लोकयुद्ध’, उर्दूत सज्जाद जहीर यांच्या संपादनाखाली ‘कौमी जंग’. पत्र उघड उघड प्रचाराचे. हिटलरविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा द्या, ‘चले जाव’मध्ये पडू नका, ही त्याची भूमिका. त्यावरून त्यांना देशद्रोही म्हणणारेही बरेच होते. पण याच पत्रांसाठी सुनील जाना यांनी दुष्काळाचे जे फोटो काढले ते आजही त्या दुष्काळाचे सर्वांत मोठे दृश्य दस्तऐवज आहेत. चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या सचित्र पुस्तिकेच्या प्रती तर सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पत्र प्रचाराचे आहे म्हणून त्यातला फोटो टाकून द्यायचा नसतो. निवडणारा हात पक्षाचा होता, भूक मात्र खरी होती.

मग युद्ध आपल्या दारात आले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८. रझाकारांनी आधी जे केले ते आपल्याच गावांत केले. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांचा त्यांनी ऑगस्टमध्ये खून केला, ते मुसलमानच होते. पोलीस ॲक्शनचा लोकांच्या स्मरणात राहिलेला फोटो आहे तो जनरल एल एद्रूस जनरल चौधरींपुढे शरण येतानाचा. हे एल एद्रूस पहिल्या महायुद्धात हैदराबाद लान्सर्सबरोबर पॅलेस्टाइनला जाऊन आलेले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नंतर मराठवाड्यासह संस्थानात फिरून मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. दोन सेनापतींचा सलाम तेवढा सगळ्यांनी पाहिला.

रद्दीत देण्याआधी

जुन्या घरांच्या माळ्यावर, पेटीत, कपाटाच्या तळाशी अशी मासिके, कात्रणे, पोस्टकार्डे अजून निघतात. रद्दीवाल्याला किलोवर देण्याआधी तारीख आणि प्रकाशकाचे नाव बघा. किंमत छापलेली आहे की फुकट वाटलेले आहे, तेही बघा. फुकटाचा खर्च कोणीतरी केलेला असतो. फोटोच्या पाठीवर काही लिहिलेले असेल तर ते छापील ओळीपेक्षा अधिक जपा. कुरआनात सूरह हुजुरातमध्ये बातमी आणणाऱ्याची पारख करायला सांगितले आहे, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान होईल असा इशारा आहे. तो मोबाईलवर येणाऱ्या फोटोलाही लागू आहे. एका देशातल्या जखमी मुलाचा फोटो दुसऱ्या देशाच्या नावाने आपल्याच गटांत फिरतो, आणि आपण दुआ लिहून पुढे पाठवतो. मूल खरेच असते. ओळ कुणाची, हे विचारायचे राहून जाते.

कार्नुआच्या फोटोतल्या स्वारांची नावे फोटोखाली नाहीत. पण फ्रान्समध्ये मरण पावलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे नव्ह-शापेलच्या स्मारकावर कोरलेली आहेत. ते स्मारक ऑक्टोबर १९२७ मध्ये खुले झाले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी कुणालाही फुकट शोधता येतात, पलटणीच्या नावानेही. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गाव दिलेले असते. शोधताना एवढे ध्यानात ठेवा की इंग्रज कारकून बीडला ‘बीर’ किंवा ‘भीर’ लिहीत असत, आणि आंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ या नावाखाली मिळेल.